बॅटरी राहूला होती

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नव्हते, आजही फारसं मानत नाही. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेली बाई मी. दिवा लागला नाही तर आधी फ्यूज बघणार, मग वायर. त्यामुळे हे इथं लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. शेवटी आत्याच म्हणाल्या, "लिही की. ज्यानं वाचवलं त्याचं नाव घ्यावं मानसानं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मामा म्हणजे सासरे. माहेर माझं कवठे येमाई, सासर खुटबाव. घरामागं गोठा, गोठ्याला लागून पत्र्याची शेड, शेडसमोर गाईंसाठी केलेला लसूणघासाचा तुकडा आणि घास संपला की ऊस. शेडमध्ये मामांचा म्हातारा ट्रॅक्टर असतो, तोंड उसाकडं करून. आजेसासऱ्यांच्या वेळचा, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा. आता रॉकेल कुठलं मिळायला, म्हणून नुसतं पेट्रोल पितो. घरात नवा डिझेल ट्रॅक्टर आहे, पण मामांचा जीव या म्हाताऱ्यावर. कुणी भंगाराचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे.

गेल्या खंडेनवमीला त्याची पूजा झाली आणि तेव्हापासून बॅटरी रोज उतरायला लागली. इंजिन चालू असलं तरी मीटरचा काटा चार्जिंगकडं हलेचना. त्यात इंजिनपण फडफड करून बंद पडायचं.

"तूच बघ गं," मामा म्हणाले. "भायेरच्यानं हात लावला की त्यो रुसतो."

"रुसत न्हाई मामा, त्याच्या टाकीत गंज झालाय," मी म्हटलं.

त्या दिवशी मिस्टर बॅटरी घेऊन राहूला, शेजारच्या गावी गेले होते, चार्जिंगला. दिवस मावळत आला होता. मी कार्बोरेटर उतरवून पुढच्या चाकाशेजारी गोणपाटावर मांडला होता — फ्लोट इकडं, जेट तिकडं. जेटचं बारीक भोक गंजानं बुजलं होतं, ते पेट्रोलमध्ये धूत बसले होते. समोर आत्या घास कापत होत्या, पाठ माझ्याकडं, तोंड उसाकडं.

"आत्या, अंधार पडतोय, या आता."

"एवढा वाफा झाला की आलेच."

आमच्या भागात बिबट्या आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण म्हणून गाई उपाशी ठेवता येत नाहीत.

आणि ट्रॅक्टरचे लाईट लागले.

मिणमिणते नाही, चांगले लख्ख. उजेड थेट उसापर्यंत गेला. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मिस्टर आले वाटतं, बॅटरी जोडली... तेवढ्यात आत्या हळूच ताठ उभ्या राहिल्या. उसाच्या कडेला, त्यांच्यापासून बैलगाडीभर अंतरावर, दोन डोळे चमकत होते. दबून बसला होता तो.

हातात पाना होता, तो बॉनेटवर बडवत सुटले. आत्या पाठ न दाखवता एकेक पाऊल मागं सरकत राहिल्या. तो जरा थांबला, मग वळला आणि ऊस हलवत आत गेला. आत्यांनी शेडमध्ये येऊन माझा दंड धरला. मग लाईट पिवळे पिवळे होत विझले.

मी वळून बघितलं. बॅटरीची पेटी रिकामी. दोन्ही वायरी लोंबत होत्या. लाईटचं बटण बंद. इंजिनचा तर प्रश्नच नाही, कार्बोरेटर खाली गोणपाटावर पडलेला. मी आत्यांना धरून रडले.

भास झाला म्हणाल... तर आत्या काय सांगतात ऐका. "म्या मान खाली घालून कापत व्हते. तवा माझीच सावली माझ्यापुढं उसावर पडली, म्हनून वर बगितलं. न्हाईतर मला कळलंबी नसतं." सकाळी वनखात्याची माणसं आली, ओल्या मातीत ठसे होतेच. आणि मिस्टर त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन घरी पोचले, ते आम्हा दोघींचा चहा पिऊन झाल्यावर.

चार्जिंगचा फॉल्ट नंतर सापडला. मामांनी पूजेला लिंबू-मिरची बांधली ती दोऱ्यानं नाही — दोरा तुटतो म्हणून बाइंडिंगच्या तारेनं. त्या तारेचं एक टोक बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या टर्मिनलला टेकलं होतं, दुसरं बॉडीला. सगळं चार्जिंग तिथंच बॉडीत अर्थ होऊन वाया जात होतं. नजर लागायची थांबली का माहीत नाही, चार्जिंग मात्र थांबलं. मामा ओशाळून हसले. तार काढली, साफ केलेलं जेट बसवलं, बॅटरी जोडली, काटा हलला. तेवढं माझ्या शिक्षणात बसतं.

लाईटचं बसत नाही. बॅटरी काढून, बटण दाबून, वायरी हलवून सगळं करून पाहिलं. आयटीआयच्या सरांना फोन केला, ते म्हणाले रस्त्यावरच्या गाडीचा उजेड असेल. रस्ता घराच्या पलीकडं आहे हो, शेडकडं त्याचा उजेड येतच नाही.

भंगाराचा विषय आता घरात निघत नाही. तिन्हीसांजेला आत्या देवापुढं दिवा लावतात, तुळशीपुढं लावतात आणि एक पणती ट्रॅक्टरपुढं ठेवतात. पेट्रोलच्या गाडीजवळ पणती नको म्हणून मी रोज ओरडते.

"लांब ठिवते," त्या म्हणतात, "पन ठिवते. त्यानं माझ्यासाठी लावला व्हता."

मला अजून कारण सापडलेलं नाही. आत्या लेकीकडं गेल्या की ती पणती मी लावते.