कपबशीसमोरचं शून्य

माझ्या आईला निवडणुकीत शून्य मतं पडली. कमी नाही, मोजकी नाही, शून्य. गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण आई किराणा दुकानात शिरली की आतली बोलणी थांबायची आणि ती बाहेर पडली की मागे कुणीतरी खुदकन हसायचं. मला तेव्हा कळलं असतं तर दुकानात जाऊन एकेकाची खरडपट्टी काढली असती. माझं तोंड आधीपासून तसंच आहे. पण मी तेव्हा गडचांदूरला, सासरी. चंद्रपूरच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केलेली. माझं मतही गडचांदूरच्याच यादीत, त्यामुळे आईला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

आमचं गाव आरमोरीपासून आत, जंगलाला लागून. आमची वस्ती गावाच्या कडेला, विहाराच्या मागे. त्या साली ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि राइस मिलवाल्याच्या बायकोनं अर्ज भरला. तिच्या विरोधात उभं राहायची कुणाची टाप नव्हती. अर्ध्या वॉर्डाचं धान तिच्याच नवऱ्याच्या मिलवर जायचं. बाबांना ते खटकलं. बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. हातात वेळच वेळ, आणि डोक्यात खांबावर चढायची जुनी खोड. त्यांनी आईला उभं केलं. आईनं दोनदा नाही म्हटलं, मग उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी. बाबा घरातली खरीखुरी कपबशी पिशवीत घालून दारोदार फिरले. लोक म्हणायचे, "भाऊ, चहा कुठी हाय?" बाबा म्हणायचे, "निवडून आन, मंग रोज पाजतो!"

मतमोजणी तहसीलला होती. आईचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बाबाच बसले. आकडा वाचला गेला तेव्हा त्यांना वाटलं, साहेब एखादा आकडा खाऊन गेले. त्यांनी परत वाचायला लावलं. साहेबांनी परत वाचलं. शून्य. बाबा उभे राहिले आणि त्यांनी डाव्या हाताचं शाई लावलेलं बोट वर केलं.

"साहेब, हे पाहा. मी गेल्तो. मी दाबलं. मशीन वाजली. मायं एक तं कुठी हाय?"

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, शाईवरून तुम्ही मत दिलं एवढंच कळतं, कुणाला दिलं ते नाही. बाबा चिडले. म्हणाले, "वाघ मोजाले झाडाझाडाले क्यामेरे बांधता, त्याचे पट्टे दोन-दोनदा तपासता. माणसाचं मत एका झटक्यात कसं मोजून होते हो?" सगळे हसले. हवालदारानं हसतच त्यांना बाहेर आणून सोडलं.

मी फोनवर हे ऐकलं आणि पेटले. आईनं स्वतःला दिलं असणार, बाबांनी दिलं असणार, म्हणजे काही झालं तरी दोन हवीत. दोनांचं शून्य झालं तर मशीन तरी खोटं किंवा मोजणारा तरी. सरळ हिशेब होता. मी पहिल्या बसनं गावी गेले, निकालाला आव्हान देणारा अर्ज तयार करून. अर्ज मतदारालाही करता येतो, पण उमेदवारानं स्वतः शपथेवर सांगितलं, की मी मला मत दिलं, तरच तो टिकला असता. सहीपुरतं काम होतं.

आईनं सही केली नाही.

"झालं ते झालं. मले नाई जाचं कोर्टात," म्हणाली. मी समजावलं, मग भांडले. बाबांनी तर ताटच सरकवलं. "अवं, तुयासाठी नाई, मायासाठी कर! मले लोकं खोटा म्हणून राह्यले!" आई चुलीकडे तोंड करून बसून राहिली. मला वाटलं, घाबरली. मिलवाल्याला घाबरली, कोर्टाला घाबरली. मी तिला भित्री म्हटलं, तेही सगळ्यांसमोर. अर्जाची मुदत टळली. मशिनं पुढच्या निवडणुकीसाठी पुसली गेली आणि त्यात काय होतं ते कायमचं गेलं.

बाबांचं मात्र काही गेलं नाही. जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "करंट गेला तं कुठी ना कुठी निंघतेच. हवेत जिरत नाई. मायं मत गेलं कुठी?" पाहुणे आले की तेच, लग्नात तेच. तहसीलला अर्ज देऊन देऊन तिथला शिपाई त्यांना लांबून पाहूनच उठून जायचा. नखावरची शाई वाढत वाढत टोकाशी आली, तेव्हा ते नख कापायला तयार होईनात. मी वैतागून म्हणायचे, बाबा, आता पुरे. आई ताट वाढायची आणि आत जायची.

काही वर्षांनी बाबा चंद्रपूरच्या दवाखान्यात वारले. छातीला वायरी लावल्या होत्या आणि उशाशी यंत्र टुकटुक करत होतं. त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हे बेस हाय. वाजते, आन् आकडाबी दावते." मी हसले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "मी तुया मायलेच देल्लं वो. तिले सांग." मी म्हटलं, बाबा, तिला माहीत आहे. ते मान हलवत राहिले, नाही म्हणत. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्हते, आणि त्या धावपळीत तो निरोप माझ्याकडेच राहून गेला.

त्यानंतर आईनं मला पहिल्यांदा सांगितलं, "तुया बाप येते."

"कुठे येतो?"

"इथीच. दारात. अंदर येत नाई. बोट दाखवते आन् जाते."

मी तिला पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या. काय करणार! आमच्याकडे भूतखेत मानत नाहीत. विहारात लहानपणापासून तेच शिकवलेलं, आणि ते शिकवणारी आईच होती. ती गोळ्या घ्यायची. बाबा तरी यायचेच. मी गावी मुक्काम केला की पहाटे उठून पाहायचे, आई दाराकडे तोंड करून बसलेली असायची. भीती होती तिच्या चेहऱ्यावर, खरी भीती. जिवंतपणी ज्या माणसाला ती कधी घाबरली नाही, त्याला मेल्यावर घाबरत होती. मला त्याचा फार राग यायचा. कुणावर यायचा ते कळायचं नाही.

त्या रागातूनच मी कायद्याच्या मागे लागले. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, या निवडणुकांचा कायदा करणं राज्याच्या हातात असतं. मी मसुदा लिहिला. मशीनबरोबर कागदी चिठ्ठी हवी. मोजणी झाली की सोडत काढून काही केंद्रं निवडायची आणि ती दुसऱ्याच माणसांनी परत मोजायची. ज्यांनी निवडणूक घेतली त्यांचा त्यात हात नको, सरकारचाही नको. एखाद्या उमेदवारानं शपथेवर मागितलं तर त्याचं केंद्र तपासायलाच हवं, आणि तोवर मशीन पुसायचं नाही. यात कुणाच्या पोटात काय दुखतं ते मला आजवर कळलेलं नाही. हरलेले म्हणायचे, फार चांगलं. तेच पुढे जिंकले की म्हणायचे, ताई, घाई कशाला!

शेवटी विरोधी बाकावरचे एक आमदार तयार झाले. अशासकीय विधेयक म्हणून ते मांडणार होते, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. आमदार निवासात त्यांच्या खोलीत बसून त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, कलमं ठीक आहेत. पण कलमं ऐकून सभागृह झोपतं. मला एक जिवंत माणूस द्या. कुणाचं मत हरवलं, ते त्याच्या तोंडून, शपथेवर."

माणूस तर माझ्या घरातच होता. नागपूरहून मी थेट गावी गेले.

रानटी हत्ती फिरत होते म्हणून लोकांनी धान घाईघाईनं कापून घरात आणलं होतं, गल्लीभर धानाच्या तणसाचा वास. आई ओट्यावर शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले, शेंगा हातात घेतल्या आणि सांगून टाकलं: आई, प्रतिज्ञापत्र दे. कोर्ट नाही, कचेरी नाही. फक्त खरं सांगायचं, की मी मला मत दिलं आणि ते मोजलं गेलं नाही. तुझं नाव सभागृहात जाईल. बाबांचा जीव शांत होईल.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. वकिली डाव होता.

आई सोलायची थांबली. म्हणाली, "मी मले नाई देल्लं."

मी म्हटलं, काय?

"मी मले नाई देल्लं. त्या मिलवाल्या बाईले देल्लं." आणि मग अनेक वर्षं बंद ठेवलेलं तोंड उघडल्यासारखी बोलत सुटली. "रांगेत ते मायाच मांगं उभी होती. हात धरला माया. म्हणे, बाई, सोताच सोताले देणं कसं निलाजरं वाटते ना वो? मी तुले देतो, तू मले दे. बायकाइचं तेवढं तरी राहू दे. मले बेस वाटलं. घरात कधी आपल्या हातानं आपल्या ताटात पयले वाढून घेतलं नाई, आन् तिथी जाऊन आपलंच नाव दाबू? मी हाव म्हटलं. शब्द देल्ला. देल्ला तं पाळला."

"आणि तिनं?"

"तिनं देल्लं असतं तं शून्य कसं आलं असतं?"

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. अगं बाई, कसली भोळी! त्या बाईनं रांगेत उभ्या उभ्या माझ्या आईचं मत काढून घेतलं होतं, तेही हात धरून, गोड बोलून. मग लक्षात आलं, की सही का केली नव्हती. शपथेवर खोटं बोलायला लागलं असतं. मी तिला भित्री म्हटलं होतं.

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"काय सांगू? मायं नाई, हे मले मालूम होतं. मंग शून्य खरंच असन. म्हंजे तुया बापानंबी नाई देल्लं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "त्यानंच उभं केलं मले. दारोदार कपबशी घेऊन फिरला. आन् अंदर जाऊन दुसऱ्याले देल्लं. मिलवाल्यानं काई म्हटलं असन, का सोताच्या बायकोव भरोसा नसन. मंग वरून रोज मले आयकवाचा, मायं मत कुठी गेलं, मायं मत कुठी गेलं. मले वाटे, नाटक करते. मी मशीन खराब होती म्हणून सांगे लोकायले. तुलेबी तसंच समजू देल्लं. नाई तं तू बापाचं तोंड पाह्यलं असतं का?"

नसतं पाहिलं. ती मला ओळखून होती.

"म्हणून येते तो," आई म्हणाली. "बोट दाखवते. म्हणते, मले खोटा समजली, आन् तू कोनाले देल्लं?"

तेव्हा मी तिला तो निरोप दिला. दवाखाना, वायरी, मनगट, सगळं सांगितलं. बाबा म्हणाले होते, मी तिलाच दिलं, तिला सांग. मी म्हणाले होते, तिला माहीत आहे. आणि ते नाही नाही म्हणत मान हलवत होते. गुंगी नव्हती ती. आईचा विश्वास नाही हे त्यांना एवढी वर्षं कळत होतं. म्हणून तर तहसीलच्या त्या खेपा. तो माणूस सरकारकडे न्याय मागतच नव्हता. त्याला घरात दाखवायला एक आकडा हवा होता.

आईचा चेहरा बघवेना. शेंगांची परात तिनं बाजूला ठेवली.

"मरताना कोनी खोटं बोलते का वो?"

"बोलतात," मी म्हटलं. कोर्टात पाहिलेलं होतं. आणि लगेच वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. "पण बाबा बोलले नसतील."

"नसतीन बोलले, का नाईच बोलले?"

मी परातीतली एक शेंग उचलून सोलली. मशीन चुकलं असेल तर बाबा खरे. मशीन बरोबर असेल तर बाबा खोटे. मधला रस्ताच नव्हता. आणि ते सांगू शकणारी एकच वस्तू होती, ती कधीच पुसून कुठल्या तरी गोदामात गेली.

आईनं ओट्यावरची टरफलं एका हातानं गोळा केली. मग तिनं विचारलं, "तुया कायदा आला, तं मांगचंबी मोजतीन का?"

"नाही आई. पुढचं फक्त. मागचं आता काहीच उरलेलं नाही."

"सारं नको वो. कोन निवडून आलं, कोन पडलं, मले काय कराचं? मले एकच पाहाचं होतं. त्याचं."

विधेयक मांडलं गेलं. आमदारांनी जिवंत माणसाशिवायच मांडलं. अशासकीय कामकाजाच्या दिवशी गोंधळ झाला, सभागृह तहकूब झालं, अधिवेशन संपलं. मसुदा मी त्यांना नव्यानं दिला आहे, पुन्हा देईन. हरलेल्यांसाठी मी तो लिहिला होता. आता कलमं वाचताना मला आमचा ओटा दिसतो.

ओट्यावर हे बोलणं झालं त्या दिवशी मी बससाठी निघाले, तर आई चपला घालून फाट्यापर्यंत आली. एरवी येत नाही. बस दिसली तेव्हा तिनं माझी पिशवी धरून ठेवली.

"आज आला तं काय सांगू मी त्याले?"

कंडक्टर चला चला करत होता. दिवसभर मी साक्षीदारांना उत्तरं पढवते. मी पिशवी सोडवून घेतली आणि बसमध्ये चढले.