खवलेसरांची चहाची झाडं

खवलेसरांनी आयुष्यात कुठलंही पान सरळ पाहिलं नाही. पान दिसलं की ते आधी उलटं करत, मागून अंगठा फिरवत आणि मगच 'हं' म्हणत. माझ्या लग्नात, महाडला, दारावरचं आंब्याचं तोरण त्यांनी खुर्चीवर चढून असंच तपासलं. तिकडे भटजी 'सावधान' म्हणत होते आणि इकडे माझा प्राणिशास्त्राचा गुरू माझ्या मेहुण्याला दटावत होता, "खुर्ची हलवू नका हो, बाई बाळंत होताहेत!" पाहुण्यांत क्षणभर धावपळ उडाली. बाई म्हणजे पानामागचा, तिळाएवढा खवला होता.

खवले कीड हा सरांचा विषय, म्हणून कॉलेजात ते खवलेसर. या किडीची मादी जन्मल्यावर एखाद-दोन दिवस चालते, मग पानात तोंड खुपसून बसते ती कायमची. पाय जातात, पंख तर कधी नव्हतेच. अंगावर मेणाचं कवच चढतं. हे सांगताना सरांचा आवाज ओला व्हायचा. नराबद्दल मात्र ते कोरडेपणाने सांगत, "त्याला पंख असतात, पण तोंड नसतं. दोन दिवस उडतो आणि उपाशी मरतो. शंकरराव, यातून काही घ्या." मी वर्गात बडबड्या होतो. एरवी मला ते 'शंक्या' म्हणत. 'शंकरराव' झालं की समजायचं, गुरुजी तापले.

"चेहऱ्यावर जाऊ नये, शेपूट बघावं," हे त्यांचं दुसरं वाक्य. वरून सगळे खवले सारखेच. जात ठरवायची तर मादी क्षारात शिजवायची, रंगवायची, काचेवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शेपटाची कड वाचायची. करवतीसारखे बारीक दाते असतात, त्यांच्या मांडणीत तिचं कूळ आणि नाव. प्रॅक्टिकलला मी तासभर खपून एक चित्र काढलं, सगळ्या अवयवांना नावं दिली. सरांनी खाली शेरा मारला : 'चित्र उत्तम. प्राणी नाही, हवेचा बुडबुडा आहे.' मी नापास झालो आणि पोलादपूरला खताऔषधांचं दुकान टाकलं. दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा सरांनी कीटकनाशकाच्या बाटल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ओळखता आलं नाही म्हणून मारायला बसलास होय रे!"

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे घाट चढू लागतो, तिथे वरच्या अंगाला हमीदाचाचींचं घर आहे. त्यांचे यजमान दाऊदभाई ट्रक चालवायचे. निलगिरीच्या फेरीतून एकदा त्यांनी केबिनमध्ये चहाची तीन रोपं आणली. पुढे दाऊदभाई गेले, झाडं राहिली. त्या पानांचा चहा काही कुणाला जमला नाही, पण चाची झाडांना घरच्या माणसासारखं वागवत. मीच एकदा सरांना तिथे घेऊन गेलो. सरांनी पान उलटलं, अंगठा फिरवला आणि त्या दिवशी 'हं' म्हटलंच नाही.

त्यानंतर अकरा वर्षं सर दर महिन्याला एसटीने येत राहिले. चहावरचा नेहमीचा खवला पुस्तकांत नोंदलेला आहे. या तीन झाडांवरच्या मादीच्या शेपटाची कड वेगळी होती. सरांना एवढंच ठरवायचं होतं, की ही तीच जात आहे की कुणी अजून नाव न दिलेली दुसरी. हे आज मला कळतं. तेव्हा चाचींचा आणि माझा पक्का समज असा, की सर झाडांवर इलाज करताहेत. मी दर वेळी विचारायचो, "सर, फवारू का आता?" सर म्हणायचे, "थांब, अजून थोडं थांब." मी चाचींना समजावायचो, "मोठे डॉक्टर घाईने औषध देत नसतात."

मग सगळं एकदम झालं. सरांचं घर महाडला, चवदार तळ्याजवळच्या गल्लीत. एका पावसाळ्यात पुराचं पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरच्या काचपट्ट्यांच्या पेट्या चिखलात गेल्या. काचा मिळाल्या, काचांवरचं कोणी उरलं नाही. त्याच वर्षी काचबिंदूने नजर इतकी उतरली, की नव्या पट्ट्या करणं संपलं. वहीतली चित्रं वाचली होती, पण नुसत्या चित्रावरून जात ठरत नाही, प्राणी लागतो. म्हणून सरांनी पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना पत्रांमागून पत्रं लिहिली. अखेर त्या एका रविवारसाठी यायला तयार झाल्या. सरांचा मला फोन आला, "शंक्या, बाई येताहेत आपली झाडं बघायला. चाचींना सांग."

मी सांगितलं. आता आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी घर धुतात, मग अंगण, मग पोरं. चाचींनी कपाळाला हात लावला. "पुण्याची बाई येनार आनि पानं ही अशी डागाळलेली? काय म्हनंल ती, दाऊदच्या बायकोला झाडं बी धुता येत नाय? तुजं औशद हाय ना रे, मार की!"

"चाची, औषधाने नाय जात. कवच असतं त्यांना. घासूनच काढावी लागतात."

सरांच्या तीन वर्षांच्या शिकवण्यातलं हे एकच वाक्य माझ्या डोक्यात टिकलं होतं, आणि ते मी त्या शनिवारी वापरलं. साबणाचं पाणी, निंबोळीचं तेल आणि दात घासायचे चार जुने ब्रश. चाची, त्यांची सून आणि मी, सकाळपासून दुपार टळेपर्यंत एकेक पान दोन्ही बाजूंनी घासत होतो. खरवडलेलं सगळं चाचींनी चुलीत टाकलं. झाडं अशी चकाकू लागली, की मी त्यांच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला. अजून आहे. त्यात मी हसतोय.

रविवारी बाई आल्या. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी पहिलं पान चाचपून धरलं, उलटलं, मागून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसरं पान. तिसरं. मग बोटं नाकाशी नेली.

"साबण," ते म्हणाले.

"हो सर!" मी उत्साहाने म्हणालो. "एक पान सोडलं नाही!"

बाईंनी दोन तास भिंगाने तिन्ही झाडं शोधली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "सर, तुमची चित्रं फार नेटकी आहेत. पण नमुन्याशिवाय मला काही म्हणता येणार नाही." सरांनी मान हलवली. 'शंकरराव' अशी हाक येईल म्हणून मी खाली मान घालून उभा होतो; ती आली असती तर बरं झालं असतं. सर चाचींकडे वळून म्हणाले, "झाडं छान राखलीत हो." चाची लाजल्या. पुरतं काय झालं ते त्यांना मी आठ दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तेव्हापासून रविवारी दुकान बंद करून मी घाट चढतो आणि पानं उलटतो. संध्याकाळी सरांचा फोन. "काय रे?" "नाय सर." "बरं." एवढंच. नंतर मुलीने त्यांना नाशिकला नेलं. निघताना त्यांनी आपलं भिंग माझ्या हातात दिलं. "मला आता याचा उपयोग नाही," म्हणाले, आणि थोडं थांबून, "तुलाही नाही म्हणा."

गेल्या दिवाळीनंतर एका पानावर वरून पिवळा ठिपका दिसला. उलटलं. शिरेच्या कडेला तपकिरी, होडीच्या आकाराचं काहीतरी होतं. अंगठ्याला लागलं. तिथूनच फोन लावला.

"सर, सापडली!"

"किती?"

"एकच."

"कड कशी आहे?"

मी भिंग लावलं, श्वास धरला, डोळा दुखेपर्यंत पाहिलं. "सर... कड आहे, एवढंच कळतंय."

सर हसले. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट. "कसं आहे बघ, मला दिसत नाही आणि तुला कळत नाही."

"पान तोडून पुण्याला पाठवतो ना, सर."

"म्हणजे ती शिजवणार. आणि एकच आहे म्हणतोस." फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. "नको. पिल्लं होऊ देत. मग पाठव. थांब, अजून थोडं थांब."

मी थांबलो. सर थांबले नाहीत. पुढच्या महिन्यात मुलीचा फोन आला.

त्या फांदीला चाचींनी दाऊदभाईंच्या जुन्या रुमालाची चिंधी बांधली आहे, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. बकरी जवळ आली तरी ओरडतात. जाणारे-येणारे विचारतात, नवस कसला? मी रविवारी जातो, पान हळूच उलटतो, अंगठा लांबच ठेवतो. ती असते. पिल्लं अजून नाहीत. संध्याकाळी फोनची वेळ झाली की चाची आतून विचारतात, "हाय का रे?"

"हाय चाची."

"कोन हाय ती?"

हे मला अजूनही सांगता येत नाही.