झडतीतल्या शिव्या

आमच्या यवतमाळच्या घरात कुणी ‘गाढवा’ म्हटलं तरी वडील ताटावरून उठत. कचेरीतले कारकून ते, जिभेला फार जपायचे. त्यामुळे खरी शिवी कशी असते याचं मला लहानपणापासून भलतंच कुतूहल. बासष्टच्या सुमारास मी कळंबजवळच्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून गेले. पोळ्याच्या आठ दिवस आधी तिथले नवे सरपंच शाळेत आले.

“बाई, यंदा पोळ्याले भोंगा लावून राह्यलो. झडत्या घराघरात आयकू जातीन, बायामाणसं आयकतीन. तेवढ्या शिव्या काढून द्या.”

तोरणाखाली बैल उभे राहिले की मोठ्यानं म्हणायच्या तुकबंद्या, त्या झडत्या. त्यांत गावातल्या बड्या माणसांची नावं घेऊन त्यांची अब्रू काढायची, अशी तिथली रीत. बायका तेव्हा घरी पूजेचं ताट करत असायच्या, म्हणून आजवर कुणाची हरकत नव्हती. झडत्या म्हणायचा मान एका म्हाताऱ्या कास्तकाराचा. बाईंनी पास केल्या तरच उभा राहा, असं सरपंचांनी त्याला बजावलेलं. मान जातो की काय, म्हणून बिचाऱ्याची झोप उडाली होती.

तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला; तो सांगणार, मी वहीत उतरवून घेणार. पण बाईमाणसापुढं शिवी उच्चारायची कशी? शिवी आली की तो खोकायचा आणि मी खोकल्यावर काट मारायची. काय खोडतेय तेच मला ठाऊक नाही. शेवटी मी वैतागले. “बाबा, एकदा सांगा तर खरं.”

“नाही जमत बाई. तुमी माह्या लेकीवानी.”

गावच्या पाटलांचं नाव आलं तेव्हा तर तो इतका खोकला की मी ती अख्खी ओळच उडवली आणि त्याला पाणी दिलं.

पोळ्याला भोंगा खरखरला. शाळेतलं पोर धडा म्हणतं तशी त्यानं झडती म्हटली. कुणी हसलं नाही. पण त्याचा मान राहिला, आणि खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटील त्याला घेऊन शाळेत आले. मला वाटलं, आभार मानायला आले असतील.

“बाई, माह्यं नाव तुमी काढलं?”

“हो. तुमचा अपमान झाला असता.”

पाटील ओट्यावर टेकले. “सालभर सारं गाव मले जी मालक, जी मालक करते. घरचे पोरंबी मान खाली घालून बोलते. एक दिवस हा माह्या तोंडावर बोले, मंग आमी दोघं पोट धरून हासो. तेवढंबी काहून काढलं?”

शरमेनं माझे कान तापले. पाटलांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला. “बस ना बे.”

म्हाताऱ्यानं हात जोडले. “जी मालक,” म्हणाला, आणि उभाच राहिला.