दोन टाक्यांचे विसण

आंघोळीच्या कढत पाण्यात जे थंड पाणी मिसळतात, त्याला विसण म्हणतात. नव्या घरांतून हा शब्द मागे पडला असला तरी आमच्याकडे तो रोज उच्चारला जाई, कारण आई त्याबाबत फार काटेकोर होती. गल्लीतल्या कितीतरी तान्ह्या बाळांना तिने न्हाऊ घातले होते. आधी कढत पाणी, मग विसण, मग कोपर बुडवून खात्री, हा तिचा ठरलेला क्रम. पुढे साखरेच्या आजाराने तिच्या पावलांतली संवेदना हळूहळू गेली. ते तिने कुणाला सांगितले नाही.

धाराशिवातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही गच्चीवर दोन टाक्या आहेत. नळाचे पाणी गोडे. ते जपून वापरावे लागते, म्हणून उंच स्टँडवरच्या टाकीत साठवून पाणी तापवणाऱ्या सोलरला दिलेले. बोअरचे पाणी क्षारांचे. ते सोलरच्या नळ्यांत गेले तर आत खडूसारखा थर बसतो, म्हणून त्याची टाकी वेगळी, खाली स्लॅबवर. गरम पाणी गोडे आणि विसण खारे, अशी ही व्यवस्था. आम्ही सर्वांनीच ती शहाणपणाची मानली होती. वीज जाऊन बोअरची टाकी रिकामी झाली, तर थंड पाणी थांबते आणि गरम पाणी तसेच वाहत राहते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

एका दुपारी नेमके तेच झाले. आई स्टुलावर बसून, नळ पायांवर सोडून, केस चोळत होती. थंड पाणी कधी संपले ते तिला कळलेच नाही. ती बाहेर आली तेव्हा माझ्या पत्नीचे लक्ष तिच्या डाव्या पावलाकडे गेले. ते लालभडक होऊन त्यावर फोड आला होता.

“आत्या, हे काय झालं?” तिने सासूला विचारले.

“काय न्हाय. चप्पल चावली आसंल.”

डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि बजावले, यापुढे यांना एकटीने आंघोळ करू देऊ नका. घरी आल्यावर आई म्हणाली, “सून आत उभी ऱ्हाणार आसंल तर मी हातपाय धुते. तेवढं बास.” आणि खरोखरच तिने आंघोळ सोडली. आजारपणातही स्नानाशिवाय देवापुढे न बसणारी बाई दुरूनच हात जोडू लागली. तिला हवे होते ते फार थोडे होते: आतून कडी लावता येईल अशी आंघोळ.

थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी ठरल्या तापमानाला आपोआप मिसळणारा नळ, बसवायचे मी ठरवले ते यासाठी. त्याच्या पोटात मेणासारख्या पदार्थाची एक कुपी असते. पाणी तापले की ती फुगते आणि गरम पाण्याची वाट आवळते. पाणी निवले की आकसते आणि ती वाट मोकळी करते. थंड पाणी अजिबात थांबले तर तिने गरमही थांबवावे, अशी रचना असते. परंतु हे सारे नीट घडायचे तर दोन्ही बाजूंनी येणाऱ्या पाण्याचा दाब सारखा हवा. आमच्या टाक्या तर खालीवर.

“सर, जोडून बघू की. जमतंय का न्हाय ते कळंलच,” मी बोलावलेला प्लंबर म्हणाला.

मी म्हणालो, “माणसाच्या अंगावर प्रयोग करून नाही बघायचा.”

मग त्याने अँगलचे स्टँड करून बोअरची टाकी गोड्या टाकीच्या पातळीला चढवली. दोन्ही नळ्या आधी मोकळ्या सोडून आतला गाळ वाहू दिला. प्रत्येक बाजूला बारीक जाळी बसवली, आणि एका टाकीचे पाणी दुसरीत शिरू नये म्हणून उलटा प्रवाह रोखणारा एकेक वॉल्व्ह. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, हे आम्ही दोघांनी हात लावून तपासले.

आई दाराच्या चौकटीला टेकून हे पाहत होती.

“आज्जी, आता ह्यो मिक्सरच विसण घालतोय,” प्लंबर म्हणाला.

“मी काय बाळंतीण हाय, दुसऱ्यानं विसण घालायला?”

“दुसरा कुठंय? ह्यो तर भिंतीतच ऱ्हातोय.”

“मग त्या भिंतीला म्हणावं, डोळे मीट.”

मी थर्मामीटर धारेत धरून पाणी अडतीस अंशांवर आणले आणि त्यापुढे मिक्सरची मूठ फिरणार नाही असा अटकाव लावून घेतला. कोमट पाण्याने अंग शेकून निघत नाही, अशी आईची तक्रार झाली. ती मी मान्य केली नाही. शेवटी मुख्य परीक्षा. मी थंड पाण्याचा कॉक बंद केला. धार बारीक झाली आणि थांबली.

“गळा धरल्यावानी थांबली की, सर!”

प्लंबरला मी दर काही महिन्यांनी जाळ्या धुण्यासाठी आणि हीच परीक्षा पुन्हा घेण्यासाठी यायला सांगितले. खाऱ्या पाण्याने आतले भाग जाम होतात, आणि बिघडलेला मिक्सर बाहेरून चांगलाच दिसतो.

आई पुन्हा कडी लावून न्हाऊ लागली. आम्ही दोघे काही ना काही निमित्ताने बाहेरच घुटमळत असू. अशाच एका दुपारी वीज गेली, बोअरची टाकी आटली, आणि आतून हाक आली.

“आरं, पानी गेलं की!”

पत्नी धावली. “आत्या, आत येऊ का?”

“खबरदार! कडी लावलीया म्या.”

“आई, पायावर काही येतंय का? गरम?” मी विचारले.

“थेंब न्हाय! साबण डोळ्यात चाललाय, आन् तू गरम इचारतोस!”

मिक्सरने गरमही थांबवले होते.

“बादली ठिवा दाराशी आन् लांब व्हा,” तिने फर्मावले.

पत्नीने स्वयंपाकघरातले कढत आणि साधे पाणी बादलीत कालवले, मी थर्मामीटर बुडवून पाहिला, आणि आम्ही बादली उंबऱ्याशी ठेवून मागे सरलो. कडी सरकली. फटीतून फेसाने माखलेला हात बाहेर आला, त्याने बादली आत ओढली, आणि कडी पुन्हा लागली.