चांदबीचं ओलं पोतं

नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात चांदबी सरकी काढणाऱ्या विलायती रेच्यावर कापूस टाकायची. शेजारच्या रेच्यावर तिची लेक नसीमा. उडत्या रुईनं पोरीची छाती भरली, खोकल्यातून रक्त पडू लागलं. चांदबीनं तिच्यापुढं ओलं पोतं टांगलं. रुई पोत्याला चिकटू लागली आणि आठवड्यात खोकला उतरला.

मुकादम उकंडरावानं पोत्यावरची रुई खरवडून पाहिली.

"डोकं हाय वं तुले, चांदबी! खिडक्यांतून रोज केवढा माल उडून जाऊन राह्यला."

त्यानं पोतं काढून नेलं आणि साऱ्या खिडक्यांवर ओली पोती ठोकली.

"मुकादम, मंग पोरीले हवा कुठून येईन?"

"हवा खायले येता का वं इथं?"

नसीमा त्याच हंगामात गेली. चौथ्या दिवशी चांदबी कामावर आली, तेव्हा मुकादमानं तिला शाबासकीचं हलकं काम दिलं: खिडक्यांवरची पोती सुकू द्यायची नाहीत.