पूर्णेत सापडलेला जबडा

कॉलेजच्या सरांनी माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, मला फसवणारा अजून बैलबाजारात यायचा आहे.

पूर्णेच्या पुरात काठ ढासळला. तिथेच आम्ही आमचा म्हातारा बैल पुरला होता. पाणी उतरल्यावर बायको त्याची हाडं हुडकायला मला घेऊन पात्रात उतरली. त्याला पुन्हा नीट पुरायचं होतं. गाळात तिला एक जबडा सापडला. पदराने पुसता पुसता ती रडायला लागली.

मी जन्मभर दात बघून बैलांचे सौदे केले. आमच्या बैलाच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. या उंच होत्या, रुंदीला जवळजवळ दुप्पट. हाड दगडासारखं जड, नखाने वाजवलं तर खणखणणारं.

"हा आपला नोय," मी म्हणालो.

"कोनाचाही असो. त्याची माती झाली पाह्यजे."

बातमी ऐकून सर आले. भिंगातून त्यांनी दाढांवरच्या घड्या पाहिल्या. हजारो वर्षांपूर्वीचा रानबैल असावा, हाडाचा दगड झालाय, पण इतर नमुन्यांशी ताडून पाहायला न्यावा लागेल, असं म्हणाले. मी भाव बोलणार, तोच बायकोने डोळे वटारले. तिला फक्त जबडा परत हवा होता. मग मी रुमाल पसरला. बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो, आणि तिथे दिलेला शब्द फिरत नाही. सरांनी हसत हात घातला. पुढच्या पोळ्याआधी आणून देतो म्हणाले. आम्ही कागद मागितला नाही.

हिवाळ्यात बायको अंथरुणाला खिळली. रस्त्यावर जीप थांबली की विचारायची, सर आले का? मी फोन केला. रानबैलच निघाला, सर खुशीत म्हणाले. आता तो कपाटात ठेवलाय, असल्या वस्तू पुरत नसतात. माझं डोकं फिरलं, तोंडाला येईल ते बोललो. नंतर त्यांनी फोन उचलला नाही.

तिला एवढंच सांगितलं, "येऊन राह्यले."

"मंग खड्डा खंदून ठेवा," ती म्हणाली.

मी कडुनिंबाखाली खणला. पोळ्याआधीच ती गेली. खड्डा अजून उघडा आहे, बुजवायला हात धजत नाही.

सर, द्यायचा नव्हता तर त्याच दिवशी तिच्या तोंडावर 'नाही' का म्हणाला नाहीत? मला फोनवर उत्तर नको. गावात या आणि द्या.