केसांत हाड खोचलेल्या माणसाचा आवाज

आमच्या डबिंग स्टुडिओत सगळे त्यांना मामा म्हणतात. काचेच्या अलीकडे बसून मी तीस वर्षं त्यांचा आवाज रेकॉर्ड करते आहे, आणि त्यांची एकच फुशारकी ऐकून माझे कान किटले आहेत. एका जुन्या चित्रकथेवरच्या साहसी कार्टूनपटात मामांनी बेटावरच्या टोळीप्रमुखाला आवाज दिला होता. काळाकुट्ट, जाड ओठांचा, केसांत हाड खोचलेला. "तू गोड. मी खाणार." एवढ्या एका वाक्यावर मामा जन्मभर मिरवले.

यंदा तो कार्टूनपट नव्याने डब करायचं ठरलं. मला वाटलं, मामा हवेत असतील. तर स्वारी तोंड पाडून आली.

"नातीला वर्गातली मुलं माझं तेच वाक्य ऐकवतात," ते म्हणाले. जावई परमुलखातला, काळ्या वर्णाचा, आणि नात रंगाने बापावर गेलेली. "रोज डबा भरलेला परत आणते. चारचौघांत खायचंच सोडलंय तिने."

"आवाज कुणाचा, ते माहितीये तिला?"

"म्हणून तर माझ्याशी बोलत नाही."

मी कपाटातून जुनी संहिता काढली. त्या जागी टाइप केलेलं होतं: "दमला असाल. आधी जेवून घ्या." त्यावर काट मारून मामांनी आपलं वाक्य लिहिलं होतं.

मामांनी तो कागद हातात घेतला. "चित्र बघितलं आणि वाटलं, असला माणूस जेवायला कशाला बोलावेल?"

मला त्यांचा संताप आला. मग स्वतःचाही. त्या दिवशी हसून हसून मीच तीनदा टेप थांबवली होती.

मामांना आता टाइप केलेलं वाक्यच म्हणायचं होतं. निर्माते म्हणाले, गाजलेलंच ठेवा, लोक त्याचीच वाट बघतात. मामा म्हणाले, मग दुसरा माणूस बघा. निर्माते नमले. चित्रातलं तोंड पाचदाच उघडतं, त्यामुळे सगळं वाक्य काही मावेना. शेवटी मामांनी कातरून बसवलं: "दमलात. जेवून घ्या."

शनिवारी ते नातीला घेऊन आले. तिने माझ्या शेजारी बसून ते दोनदा ऐकलं.

"चित्र तेच आहे," ती म्हणाली.

"हो. ते मला बदलता येत नाही, बाळा," मामा म्हणाले.

दुपारी तिने डबा उघडला, पण आमच्याकडे पाठ करून. मामांनी आपला डबा उचलला आणि तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून ते जेवायला बसले.